अहरोनकाका आणि कांद्याच्या वासाची पेटी

अहरोनकाकांनी मला खोली भाड्यानं देण्याआधी माझ्या पाठीला कान लावला.

खरोखरचा कान. मी हातात पिशवी धरून त्यांच्या ओट्यावर उभा होतो. त्यांनी मला खांद्याला धरून भिंतीकडं तोंड करायला लावलं. "श्वास घे," म्हणाले. घेतला. "छातीतून नको, पोटातून घे. निवडणुकीला उभा आहेस का?" पोटातून घेतला. मग त्यांनी आपला केसाळ कान माझ्या शर्टाला टेकवला. आधी डावीकडं, मग उजवीकडं, मग खाली बरगड्यांपाशी. गल्लीतून जाणारी एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून बघत राहिली. मला वाटलं, आता माझ्यात काहीतरी सापडणार. मला नेहमीच तसं वाटतं. पोलिसानं नुसता हात दाखवला तरी लायसन खिशात असून मी आधी माफी मागतो.

"ठीक," काका म्हणाले. "गळत नाही. राहा."

आतून आवाज आला, "अहो, त्याला आधी पाणी तरी विचारा! डॉक्टर आहात का?"

"डॉक्टर नळीनं ऐकतो, रूथ. निम्मं नळीतच मरतं."

त्या रूथकाकू. पाणी घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घाबरू नको. मलाही बघायला आले तेव्हा हेच केलं होतं. माझे वडील काठी घेऊन उठले होते."

मी हिंगोलीकडचा. सेनगाव तालुका. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच; पुढं ट्रॅक्टर, मग जीप, मग कुणीतरी म्हणालं नाशकात छोटा हत्ती टेम्पो चालवायला माणूस पाहिजे, म्हणून आलो. खोली शोधत फिरलो तेव्हा सगळ्यांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव, मग लग्न झालंय का, मग मटण खातोस का. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या या घरानं फक्त श्वास विचारला. हे मी नंतर एकदा काकूंना बोलून दाखवलं, तर त्या हसल्या. "अरे, आम्हीही त्याच वाटेनं आलोय. आडनाव रणभिसे म्हटलं की लोक नाव विचारायचे. अहरोन म्हटलं की म्हणायचे, खोलीला अजून रंग द्यायचा राहिलाय."

काका एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. सगळी नोकरी ब्रेकवर. बसचा ब्रेक हवेवर चालतो हे मला माहीत होतं, पण सगळं जगच हवेवर चालतं हे मला काकांकडून कळलं. "देवानं मातीचा माणूस केला, तेव्हा तो काय होता? गणपतीच्या कारखान्यातला कच्चा माल. नाकात फुंकर मारली, तेव्हा माणूस झाला. म्हणून आधी हवा बघायची. रंग नंतर."

आणि ते हवा बघायचे. कुणाचीही. गल्लीतला प्रत्येक कुकर त्यांच्या ओळखीचा होता. ओट्यावरून ओरडायचे, "शिंदेवहिनी, रिंग बदला! डाळ कच्ची राहणार!" शिंदेवहिनी खिडकीतून म्हणायच्या, "तुम्ही जेवायला येताय का? मग गप बसा की!" डाळ कच्ची राहायची, आणि त्याचा राग शिंदेवहिनी कुकरवर न काढता काकांवर काढायच्या. माझ्या गाडीचा हॉर्न त्यांना रडका वाटायचा. गल्लीत प्रचाराला आलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी सभा संपल्यावर सांगितलं होतं की, साहेब, आश्वासन देताना तुमची हवा वर अडकते. रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर पाळकसाहेब दारात उभे राहायचे, लोक हात मिळवून "सलाम साहेब, छान झाला उपदेश" म्हणत बाहेर पडायचे. काका म्हणायचे, "सलाम. तिसऱ्या मुद्द्याला वारा पुरला नाही."

मी मागे उभा राहून घामाघूम व्हायचो. मी त्यांच्या मंडळीतला नव्हे. पण रविवारी काकांना आणि काकूंना चर्चला सोडायचं काम माझ्याकडं आलं होतं, आणि तापात पडलो तेव्हा काकूंनी आठवडाभर पेज पाजली होती, म्हणून मला वाटायचं, यांचं कुणाशी वाकडं होऊ नये.

आता पेटीचं सांगतो. चर्चमध्ये काका ऑर्गन वाजवायचे. ऑर्गन म्हणजे पायपेटी; कपाटाएवढी, सागाची, खाली दोन पायडल. पायानं पायडल दाबत राहायचं, आत भाता हलतो, आणि वर बोटांनी वाजवायचं. वाजवणाराच वारा घालतो. पण काकांचा उजवा गुडघा वर्कशॉपात जॅक सरकून गेला होता. तेव्हा काकांनी पेटीच्या मागच्या बाजूला एक लाकडी दांडा बसवला, आणि त्या दांड्यावर काकूंना. पेटीमागं पडदा, पडद्यामागं स्टूल, स्टुलावर काकू. इकडं काका वाजवणार, तिकडं काकू दांडा वरखाली करणार. मंडळीतली पोरं म्हणायची, रूथबाई पाणी शेंदतायत.

वारा कमी पडला की काका खोकायचे. दोनदा. काकूंनी जोर वाढवायचा. असा त्यांचा वर्षानुवर्षांचा संसार पडद्याच्या दोन बाजूंना चालला होता, आणि त्यात एक गंमत अशी की शनिवारी दोघांचं भांडण झालं की रविवारी ते अख्ख्या मंडळीला कळायचं. काकू वारा तोडायच्या. गाणं चढायला लागलं की नेमका सूर खाली बसायचा, पेटी दमेकऱ्यासारखी घरघरायची. काका खोकायचे, वारा नाही. परत खोकायचे, नाही. बाकांवरच्या बायका एकमेकींकडं बघायच्या: काय झालं असेल? सोमवारी पाळकसाहेब बायबल काखेत घेऊन चहाला यायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "काय अहरोनभाऊ, घरी सगळं क्षेम?"

"हिला विचारा," काका म्हणायचे. "वारा तिच्याकडं आहे."

ईस्टरला तर ही पेटी गावाला दिसायची. यांची रीत अशी की ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते. आधीच्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन, चुना देऊन ठेवलेल्या असतात. उजाडायच्या आधी मेणबत्त्या, फुलं, आणि पहिलं गाणं पेटीवर. पेटी पूर्वी हातगाडीवर न्यायचे. मी आल्यापासून ती माझ्या छोट्या हत्तीवर जायची. वरच काका, मागं स्टुलावर काकू. मेलेल्यांना उठवायचं गाणं आहे म्हणे ते. मला पहिल्या वर्षी भ्या वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी मीच मेणबत्त्या वाटल्या.

गेल्या पावसाळ्यानंतर पेटीचा सूर सारखा खाली बसायला लागला. एक रविवार, दुसरा रविवार. काकांनी खोकून खोकून घसा बसवला. मग त्यांना खात्री झाली की काकू कशावर तरी रागावल्यात, आणि या खेपेला राग मोठा आहे.

मग त्यांनी माफी मागायला सुरुवात केली. आधी जिलबी आणली. सूर खालीच. मग काकूंच्या भावाशी अबोला होता तो स्वतः फोन करून सोडला. सूर खालीच. मग एके दिवशी माझ्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "दत्ता, तू घरात असतोस. मी काय केलंय ते तुला माहीत असेल तर सांग. मी सगळं कबूल करतो, पण काय ते तरी कळू दे." पाळकसाहेबही येऊन गेले, क्षमेवर बोलून गेले. काकू सगळ्यांसमोर नुसत्या हसायच्या. "मुरू द्या अजून," म्हणायच्या.

वारा का कमी पडतोय ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. जिना चढताना त्या मधेच थांबून कुंडीतली वाळकी पानं खुडायच्या. मी बघायचो. पानं संपली तरी खुडत राहायच्या.

नाताळाआधीच्या एका रविवारी गाण्याच्या मध्यावर वारा एकदम थांबला. काका खोकले. परत खोकले. मग तिसऱ्यांदा, आणि मंडळीतून कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी वैतागून पडदा ओढला. काकू दांड्यावर डोकं टेकून बसल्या होत्या. ओठ जांभळे. दांड्यावर सगळा भार आलेला, आणि आत भात्याचं जुनं चामडं टरकून गेलेलं.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. हळूहळू झालेलं आहे. परत मऊ होत नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन लावा, नाकाला नळी लावा, आणि जपा.

गाडीत बसल्यावर काका एवढंच म्हणाले, "अन् मी जिलबी आणत होतो."

त्या दिवसानंतर काकांनी कशालाही कान लावला नाही. शिंदेवहिनींचा कुकर सकाळभर फुसफुसत राहायचा. वहिनी दोनदा खिडकीत येऊन ओट्याकडं बघून गेल्या. शेवटी एक दिवस त्यांनी गपचूप रिंग बदलली.

घरात आता मशीनचा आवाज असायचा. घुर्र, टक. घुर्र, टक. माझ्या खोलीची भिंत त्यांच्या खोलीला लागून; झोपेतसुद्धा तो आवाज माझ्या सोबत असायचा. गावाकडून आईचा फोन आला की ती विचारायची, "मागं काय वाजतंय रे?" मी म्हणायचो, घरमालकीणबाई.

पेटी गेलीच होती; काका म्हणाले, चामडं बदललं तरी ती आता माझ्या कामाची नाही. चर्चच्या पंचांची सभा झाली. त्यात काकांची मुलगी सुवार्तासुद्धा बसली होती. ती शाळेत शिक्षिका, चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी. ठरलं असं: ईस्टरच्या पहाटेपर्यंत अहरोनभाऊंना दुसरी पेटी मिळाली तर ठीक, नाहीतर कीबोर्ड घ्यायचा आणि तरुण संघातलं कुणीतरी वाजवेल. हे घरी येऊन सांगायचं काम सुवार्तावर आलं.

"पप्पा, बटण दाबलं की वाजतो तो. वारा लागतच नाही."

"म्हणूनच नको."

"मग जुन्याच पेटीला मोटर बसवा. बसवतात लोक."

"मोटर रुसते का?"

"काय?"

"मोटरीला राग येतो का? नाही ना? मग ती काय कामाची!"

सुवार्ताचा आवाज चढला. "मम्मीला श्वास पुरत नाही आणि तुम्ही पेट्या शोधत फिरणार? लोक काय म्हणतील? मी काय म्हणू?"

खाटेवरून काकू हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं त्यांना. घरात बसले की मशीनकडं बघत बसतात. मशीनलाही लाज वाटते."

तर आमची शोधमोहीम सुरू झाली. भाडी नसतील त्या दिवशी मी आणि काका. कुणी सांगावं, अमक्या बंद शाळेत पेटी आहे, तमक्या भजनी मंडळाकडं आहे, आम्ही जायचो. कुठं पेटीच्या जागी हार्मोनियम निघायचा, कुठं नुसतं खोकं, आणि त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. निघायच्या आधी काकांचा एक नेम असायचा. खाटेपाशी जाऊन ते डाव्या हाताची दोन बोटं काकूंच्या मुठीत द्यायचे. "दाब," म्हणायचे. काकू दाबायच्या. मग ते ती बोटं तशीच मुठीत झाकून गाडीत येऊन बसायचे, आणि रस्ताभर उघडायचे नाहीत. मला वाटायचं, प्रार्थनेची काही रीत असेल. मी कधी विचारलं नाही. गाडीचं दार मीच उघडून द्यायचो.

येवल्याला चांगली पेटी मिळाली. हमीदभाई म्हणून पैठणी विणणारे. त्यांच्या आजोबांना एका नाटक कंपनीनं पगाराच्या बदली दिलेली पेटी. मागाशेजारी उभी होती, वर रेशमाच्या कांड्या मांडलेल्या. हमीदभाईंनी कांड्या उचलल्या, फडक्यानं पुसली, आणि स्वतः बसून दोन सूर वाजवून दाखवले. काय सांगू! मला गाण्यातलं कळत नाही. पण माग थांबला, आतल्या बायका दारात आल्या.

काका ऐकतच नव्हते. ते खाली वाकले, आणि पायडलवर पाय न ठेवता डाव्या हाताची ती दोन बोटं ठेवली. दाबली. पायडल हललं नाही. परत दाबली. मग उठून धोतर झटकल्यासारखी पँट झटकली.

"नको. हिच्यात राम नाही."

हमीदभाईंचं तोंड उघडं राहिलं. "क्या बात करते हो मास्तर! एवढा गोड गळा हाय, अन् तुम्ही पाय बघून नको म्हणता? पोरगी बघायला आला का पेटी बघायला?"

"पेटी चांगली आहे. माझ्या कामाची नाही."

परत येताना मी विचारलं, काका, तिच्यात काय खोट होती? ते म्हणाले, "दांडा लांब केला की जोर कमी लागतो. पण हिचा भाता एवढा ताठ आहे की दांडा पार शिंदेवहिनींच्या स्वयंपाकघरात जाईल." घरी आल्यावर काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राम कशाला शोधताय पेटीत? येशूचं काही असेल तर बघा."

सुवार्ता मात्र हमीदभाईंच्या पेटीवरून फार संतापली. मला बाहेर गाठून म्हणाली, "दत्ता, तू तरी सांग त्यांना. चांगली मिळालेली सोडली. त्यांना पेटी नकोच आहे. त्यांना घराबाहेर राहायला कारण पाहिजे." मला वाटलं, खरंच तसं असेल तर त्यात माझ्या गाडीचा हात आहे.

दिवस जात होते. काकूंच्या खाटेशेजारची खिडकी आता उन्हामुळं दुपारी बंद ठेवावी लागे. एका सकाळी काका खाटेपाशी वाकले, बोटं दिली, "दाब" म्हणाले. बराच वेळ झाला. "दाब गं," ते परत म्हणाले. काकू म्हणाल्या, "दाबतेच आहे."

त्या दिवशी आम्ही नामपूरला गेलो. कांद्याचे एक व्यापारी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या कांदाचाळीत एक पेटी पडली होती. कांद्याचे ढीग बाजूला सारत गेलो तर कोपऱ्यात दिसली. वरचं लाकूड फुगलेलं, पट्ट्या पिवळ्या, चार-दोन तर नव्हत्याच. आप्पांनी एक पट्टी दाबली, पेटीतून मांजर दारात अडकल्यासारखा आवाज आला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, कांद्यानं.

आप्पांनाच लाज वाटली. "मास्तर, हाई पेटी म्हतारी व्हई गयी शे. भाता पार ढिला. राहू द्या."

काका मात्र गुडघा दुखत असून खाली बसले. मूठ उघडली. दोन बोटं पायडलवर ठेवली आणि दाबली. दाबली काय, नुसती टेकवली. पायडल खाली गेलं. आत कुठंतरी पेटीनं श्वास घेतला. काका तसेच बसून राहिले. बोटं उचलली, परत टेकवली. परत गेलं.

"घेऊ," ते म्हणाले.

"हाई?" आप्पा माझ्याकडं बघायला लागले. "तुम्हले आवडनी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. येवल्याच्या पेटीचा गळा, हिचा गळा, त्याच्याशी काकांचं काही घेणं नव्हतंच. सकाळी काकूंनी बोटं जेवढी दाबली, तेवढ्या दाबानं कुठल्या पेटीत वारा भरतो, ते बघत आम्ही एवढा मुलूख हिंडत होतो. आणि तो दाब दर खेपेला कमी होत होता. उशीर झाला की काय, या भीतीनं काका मूठ झाकून बसायचे. मी गाडी हळू चालवतो. त्या दिवशी नामपूरहून येताना मी पहिल्यांदा जोरात चालवली.

पेटी चर्चला न नेता काकांनी घरी घेतली. ओट्यावर सगळी उघडली. भात्याला मऊ चामडं चिकटवलं, मेलेल्या सुरांतली माती काढली. जे सूर नव्हतेच ते नव्हते. "त्या जागी मंडळीनं गावं," म्हणाले. मागं दांडा बसवला. लांब, हलका, टोकाला कापड गुंडाळलेला, खाटेच्या उंचीचा. सगळं झालं, पण कांद्याचा वास काही गेला नाही. कापूर ठेवला, ऊद लावला. कापूर लावलेल्या कांद्याचा वास यायला लागला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, दुपारी, पेटी खाटेला लावून ठेवली. सुवार्ता चर्चमधून झावळीचा क्रूस घेऊन आली होती. तिनं पेटी बघितली, वास घेतला, आणि कपाळावर हात मारला.

"पप्पा, येवल्याची सोडून ही?"

काकांनी काकूंचा हात उचलून दांड्यावर ठेवला, आणि पुढं जाऊन स्टुलावर बसले. मधे पडदा नव्हता. तरी त्यांनी मागं वळून बघितलं नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

काकूंनी दांडा दाबला. पेटीनं श्वास घेतला. काकांनी ईस्टरच्या पहाटेचं गाणं सुरू केलं, अगदी हळू, लहान मूल चालवतात तसं. पहिली ओळ झाली. मशीन चाललं होतं, घुर्र, टक, आणि त्यावर ते गाणं; मधेमधे सूर गायब, जिन्याच्या पायऱ्या पडल्यासारखे. काकू नाकातल्या नळीसकट म्हणाल्या, "आता तुमच्या वाजवण्यानं मंडळी रडेल. पहिल्यांदाच."

दुसऱ्या ओळीत सूर खाली बसायला लागला.

काका खोकले. दोनदा.

सूर बसतच गेला. काकूंचा हात दांड्यावर होता, पण दांडा जात नव्हता. सुवार्तानं पुढं होऊन हात लावायला घेतला, तर काकूंनी डोळ्यांनीच तिला थांबवलं.

काका एकदम हसले. पेटीकडं तोंड करूनच. "बघितलंस दत्ता? रागावली! अजून जिलबीचा राग आहे. मुद्दाम तोडतेय वारा!"

मी सुवार्ताकडं बघितलं. तिचं तोंड उघडलं होतं. तिला जे बोलायचं होतं ते मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आणि काकांनाही माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ती खाटेच्या कडेवर बसली. झावळीचा क्रूस तिच्या हातात चुरगळला.

"हो पप्पा," ती म्हणाली. "रागावलीच आहे. कांद्याचा वास येतो म्हणून."

"असं होय! मग आधी सांगायचं," काका म्हणाले, आणि उरलेल्या वाऱ्यावर जेवढं गाणं बसलं तेवढं वाजवलं.

काकू बुधवारी गेल्या. गुरुवारी त्यांना पुरलं. मशीनवाले मशीन घेऊन गेले.

ईस्टरच्या पहाटे मी पेटी गाडीवर चढवली. काका येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं, पंचांनी कीबोर्डची तयारीसुद्धा ठेवली होती. काका आले, वर चढले, बसले. मागचं स्टूल रिकामं होतं. मी जागेवरून हलणार, तेवढ्यात सुवार्ता साडी खोचून वर चढली आणि दांड्यापाशी बसली.

तिनं दांडा दाबला, आणि पेटी कधी ओरडली नव्हती तशी ओरडली. तिचे हात तरणे होते, आणि तिच्या पोटात खूप काही साठलं होतं. सगळं कबरस्तान दचकलं. काका थांबले. मागं वळले. मी त्यांना पेटीवरून मागं वळताना पहिल्यांदा बघितलं.

"एवढा नको गं," ते म्हणाले. "एवढ्याची सवय नाही तिला."

तिनं डोळे पुसले, आणि हात हलका केला. मग आणखी हलका. गाणं बारीक झालं, इतकं की मंडळीला ते ऐकू यावं म्हणून आपले आवाज खाली आणावे लागले. मधले मेलेले सूर लोकांनी तोंडानं भरले. चुना दिलेल्या कबरींमधली एक ओली मातीची होती, तिच्यावर फक्त झावळीचा एक चुरगळलेला क्रूस. उजाडलं तेव्हा कांद्याचा वास सगळ्यांच्या अंगाला लागला होता.

पुढच्या रविवारपासून कीबोर्ड आला. काका तिसऱ्या बाकावर बसतात, दारात पाळकसाहेबांना नुसतं "सलाम" म्हणतात. पेटी घरी खाटेला टेकून आहे.

त्यानंतरच्या एका सकाळी मी गाडी पुसत होतो. काका ओट्यावर आले, उभे राहिले. मला वाटलं, खोली सोडायला सांगणार. आता घरात एकटे. माणसं असं करतात.

"दत्ता," ते म्हणाले. "जरा भिंतीकडं तोंड कर."

मी फडकं खाली ठेवलं आणि केलं. त्यांनी माझ्या पाठीला कान लावला. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. मधेच, आणि तिथून हललेच नाहीत. समोर शिंदेवहिनी खिडकीत आल्या, आणि खिडकी लोटून आत गेल्या.

"काका, गळतंय का?" मी घाबरून विचारलं.

"बोलू नको. ऐकू येत नाही मग." थोड्या वेळानं म्हणाले, "घरात काहीच वाजत नाही रे."

मग मी पोटातून श्वास घेतला. सोडला. परत घेतला. बाजार समितीचं भाडं होतं, फोन खिशात वाजत होता. वाजू दिला.